परतीच्या क्रमाने

शनिवारी दुपारी बाबा जेवणाच्या टेबलावर, जमवलेल्या अवकाशमोहिमांच्या पदकांसाठी लाकडी तबक मांडून त्यात निळी मखमल बसवत होते आणि लेक समोर पुस्तकात डोकं खुपसून बसली होती.

“हे पहिल्या अवकाशचालीचं,” एक पदक कडेने धरून बाबा म्हणाले. “यानाबाहेर पोशाख असा टम्म फुगला, की गड्याला परत आत शिरता येईना. हवा सोडून सोडून आत आला. ऐकतेस का?”

“हं.”

“भिंतीशी बोललो असतो, तर तिने निदान एखादा पोपडा तरी पाडला असता!”

रविवारी पहाटे झोपेतच बाबांचं हृदय थांबलं.

महिना उलटला तेव्हा आत्याने तबकावरची धूळ पुसली आणि विषय काढला. “प्रदर्शनात संग्रह ठेवायचा, असं दादा वर्षानुवर्षं घोकत होता. यंदा कुठे धीर करून नाव दिलं त्याने. परीक्षकांसमोर उभं राहायला कुणीतरी हवं. मी जाईन गं, पण मला चंद्र कोणत्या बाजूने उगवतो तेही ठाऊक नाही.”

“मी जाते,” लेक म्हणाली. बाबांनी लावलेल्या एकाही पदकाची जागा तिने बदलली नाही.

प्रदर्शनाच्या दालनात जाड भिंगांचा चष्मा लावलेले परीक्षक तबकावर वाकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “क्रम चुकलाय, बाई. अवकाशस्थानकावर वर्षभर राहिलेला हा वीर आधी उडाला, त्याचं पदक इतकं मागे? आणि ही टोकाची तर केवढ्या जुन्या उड्डाणांची! क्रम चुकला की संग्रह स्पर्धेतून बाद, हा नियम आहे.”

“बुडालं तारू,” आत्या पुटपुटली.

बाबांचं पहिलंच प्रदर्शन, आणि तेही लेकीच्या डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं.

“चुकलेला नाही,” ती म्हणाली. “पदकं उड्डाणाच्या नाही, परतीच्या तारखेने लावलीत. बाबा म्हणायचे, उडणं ही निम्मीच गोष्ट. माणूस घरी पोचला की मोहीम पुरी.”

“मग ही शेवटची?”

“ही माणसं परतली नाहीत. त्यांची पाळी अजून यायचीय.”

परीक्षक सरळ उभे राहिले. “आणि हे?” त्यांनी दुसऱ्या पदकाकडे बोट केलं. तिने सांगितलं. मग त्याच्या शेजारचं. कोण बर्फात उतरलं, कुणाला लांडग्यांच्या रानात रात्र काढावी लागली, कुणाचं यान समुद्रात बुडालं आणि माणूस तेवढा वाचला, सगळं ती न अडखळता सांगत गेली. दालनातली माणसं एकेक करत तिच्याभोवती जमली. आत्याचा आ वासलेलाच राहिला.

संध्याकाळी पहिलं पारितोषिक बाबांच्या नावाने पुकारलं गेलं आणि टाळ्यांनी दालन दणाणलं. आत्या तर खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटत होती. लेक व्यासपीठावर गेली, तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला. आभाराची वाक्यं ती पाठ करून आली होती. ती वाक्यं बाजूलाच राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी ऐकत होते. तुम्ही बोलत असताना मी एकदा तरी पान उलटलेलं पाहिलंत का?”