लिंबाजवळचा माठ

पाली गावात रतनबाईचं परस पाहून नवा माणूस हसायचाच. फुटक्या घागरीत तुळस, तळ गेलेल्या कढईत कोथिंबीर, मोडक्या बाजेवर दोडक्याचा वेल. निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. दौऱ्यावरच्या साहेबाचा तंबू उठला की ही बाई तिथं हजर. त्यानं टाकलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिनं पुदिन्याला दिला होता, आणि डब्यावरच्या गोऱ्या बाईचं तोंड झाकलं जाऊ नये म्हणून पुढची पानं ती रोज खुडायची.

तिचा नवरा हरिबा टिंगल करायचा. "तुझ्या परसात आता मीच तेवढा पुरायचा ऱ्हायलोय."

"तुमी कशाला उगवताय?" ती म्हणायची. "दगड कुटं उगवत असतो व्हय?"

असली थट्टा माणसानं करू नये. माघात रतनबाई तापानं पडली, आणि आठवडाही काढला नाही तिनं.

दहाव्याला बिंदुसरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले, एकही खाली येईना. हरिबाची थोरली बहीण चंद्रभागाबाई शब्दांवर शब्द देऊ लागली. लेकींना माहेरपणाला आणू. म्हैस विकणार नाही. हरिबाचं दुसरं लग्न लावणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी हरिबा पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "तुजं लिंबू वाळू देनार न्हाई." रतनबाईनं गेल्या पावसाळ्यात लावलेलं ते रोप, गुडघ्याएवढंसुद्धा नव्हतं. कावळा उतरला.

घरी आल्यावर दुसरं काम होतं. सुतक फिटताना घरातली मातीची भांडी बाहेर नेऊन फोडायची आणि नवी आणायची, ही आमच्याकडची रीत. चंद्रभागाबाई एकेक भांडं हातात देत गेली, हरिबा शेताकडच्या वाटेवर, पांदीच्या कडेला नेऊन फोडत गेला. शेवटी पाण्याचा माठ आला. जुना झालेला, पाणीही गार करत नव्हता, तरी रतनबाईनं तो कधी बदलला नाही. ती वाकून पाणी घ्यायची तेव्हा तिचा डावा हात जिथं टेकायचा, तिथं गळ्याला झिलई आली होती. हरिबा माठ घेऊन पांदीपर्यंत गेला, कडब्याच्या गंजीत लपवून रिकाम्या हातानं परतला. "फोडला," म्हणाला. अक्काशी तो उभ्या जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला.

चैत्र लागला आणि आडाचं पाणी तळाला गेलं. हरिबा पहाटेच दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायला जायचा. जाताना लिंबाला तांब्याभर पाणी घालायचा, ते दुपारपर्यंत उडून जायचं. पानं पिवळी पडली, मग गळू लागली. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द जाणार, एवढं एकच त्याच्या डोक्यात घोळायचं. तेव्हा त्याला आठवलं, रतनबाई भोपळ्याच्या वेलाशेजारी एक जुनं मडकं पुरायची आणि त्यात पाणी भरून ठेवायची. त्यावरही तो हसला होता.

त्यानं गंजीतला माठ काढला, लिंबाशेजारी गळ्यापर्यंत पुरला आणि भरला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाणी तेवढंच. जुना माठ, पाझरणार कुठून? रतनबाई मडक्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडून त्यात चिंधी कोंबायची, हे त्याला आता आठवलं.

माठ उकरून काढला. पण भोक पाडताना तो फुटला तर? आणि दुसरंही होतं. सरणाभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला असंच भोक पाडलं होतं, त्याची धार पाठीवरून सांडली होती. ती पाठ त्याला अजून ओली वाटायची. खिळा टेकवला आणि हात थांबला. मग लिंबाकडं पाहिलं. चारच पानं उरली होती. "तूच संभाळ आता," म्हणाला आणि हलकेच दगडानं ठोकलं.

माठ फुटला नाही. गोधडीसाठी ठेवलेल्या तिच्या लुगड्याची चिंधी त्यानं भोकात सारली आणि माठ परत पुरला. दिवस मावळताना लिंबाच्या बुडाशी बोट घातलं. माती ओली होती. हरिबा तिथंच बसून पोरासारखा रडला. ती गेल्यापासून त्याला असं रडूच आलं नव्हतं.

वैशाखात चंद्रभागाबाई भावाकडं आली. परसात गेली, मातीतला माठाचा गळा पाहिला आणि ओरडलीच.

"हरिबा! ह्यो माठ कशाला ठिवलास रं? रतनचा जीव हितंच अडकून ऱ्हाईल की!"

हरिबा लिंबाजवळ बसला होता. लिंबाला पोपटी पालवी फुटली होती.

"अडकू दे, अक्का," तो म्हणाला. "माजा बी हितंच अडकलाय."

चंद्रभागाबाईला गप्प करणारा माणूस आमच्या गावानं तोवर पाहिला नव्हता. ती खाली बसली, माठावरचं झाकण उचलून आत डोकावली. पाणी बुडाला गेलं होतं.

ती उठली, घरातून तांब्या भरून आणला, पदर खोचला आणि हळूहळू माठात ओतू लागली.

"दमानं पी, रतन," ती म्हणाली. "आजून आनते."