बाहेरचा दगड

"बस की बाई! येळवशीला रानात आलेलं माणूस जेवल्याबिगर जात न्हाई."

म्हातारीने शिवकन्येला हाताला धरून कोपीत बसवलंच. शिवकन्येला फक्त कोपीच्या बाहेर एकदा नजर टाकायची होती, आणि ती तिने केव्हाच टाकली होती. बाहेर काही नव्हतं. आता पळावं कसं, या विचारात असताना पुढ्यात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आली, बाजरीचे उकडलेले उंडे आले आणि आंबिलीचा गडवा आला. सकाळपासूनची ही तिसरी पंगत. ओळख ना पाळख, पण नाव विचारायच्या आधी ताट!

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी बसवकल्याणजवळच्या राजेश्वर गावात शोधून माणूस सापडायचा नाही, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा, पिकाभोवती आंबील शिंपडायची, मग पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं. सगळीकडे दगड पाचच.

शिवकन्या सहावा शोधत होती.

आळंदला तिच्या वडिलांना, महादेवप्पांना, रान नव्हतं. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. तरी येळवशीला ते गच्चीवर पाण्याच्या टाकीशी चार पेंढ्या उभ्या करायचे, आत पाच दगड मांडायचे आणि एक बाहेर. पहिलं ताट त्या बाहेरच्याला. "अप्पा, ह्यो कुणाचा?" असं तिने लहानपणी विचारलं होतं. "जो आला न्हाई त्याचा," एवढंच ते म्हणाले. सगळ्यांच्या घरी असंच असतं, असं ती कितीतरी वर्षं समजत होती.

गाव विचारलं की "आळंद." त्याच्या आधीचं विचारलं की पान्हा उचलून मोटारीत डोकं खुपसायचे. कामाला ते कुठेही जात, पण बसवकल्याणच्या बाजूचं बोलावणं आलं की त्यांची कंबर हमखास धरायची.

गेल्या दसऱ्याला ते गेले. लिंगायतांच्या रीतीने मांडी घालून त्यांना खड्ड्यात बसवलं, विभूती लावली, आणि स्वामींनी वर बघून विचारलं, "माती द्यायला भाऊबंद कोण हाईत?" कुणीच पुढे आलं नाही. शेवटी शेजारच्या किराणा दुकानदाराने पहिली मूठ टाकली. ती मूठ शिवकन्येला अजून झोपू देत नव्हती. दवाखान्यात नर्सची नोकरी, घरी दोन लेकरं, आणि सुट्टी लागली की ही बस धरून निघाली. पार औरादकडच्या चिंताकीपर्यंत जाऊन आली होती. तिचा नवरा मृत्युंजय म्हणायचा, "इंजेक्शन द्यायचं सोडून गावं हुडकायलीस कामून?" तिला बसवत नव्हतं, एवढं खरं.

मग वॉर्डातल्या शरणम्मा नावाच्या पेशंटने बोलता बोलता सांगितलं, "व्हय, राजेश्वरात आमच्या माहेरच्या वाटंला एका कोपीभाईर ठिवत्यात की दगुड." कोणाच्या, ते तिला आठवेना.

तिसऱ्या पंगतीतून सुटून शिवकन्या बांध ओलांडत निघाली. पोट तुडुंब, चपलेत ढेकळं. आता पुढच्या कोपीत जायचंच नाही, लांबूनच बघायचं, असं ठरवून ती हरभऱ्याच्या कडेने वळली आणि थांबली.

कोपीच्या दारात, उन्हात, एक पांढरा दगड होता. त्याच्यापुढे ताट वाढलेलं.

दाराशी एक थकलेली बाई बसली होती. पुढे कळलं, तिचं नाव मल्लम्मा. विधवा होऊन ती थोरल्या भावाच्या रानात परत आली होती, आणि आता तो भाऊही नव्हता.

"ह्यो दगुड कुणाचा?" शिवकन्येने पाणीसुद्धा न मागता विचारलं.

"माझ्या धाकट्या भावाचा. आमच्यात येळवशीला जो आला न्हाई त्याचा दगुड भाईर ठिवत्यात. आला की आत घ्यायचा." मल्लम्माने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कुणाची?"

"त्याचं नाव महादेवप्पा का?"

मल्लम्मा दाराचा कडबा धरून उठली. "कुठाय त्यो?"

शिवकन्येने किती मरणं पाहिली होती, किती नातेवाइकांना सांगितली होती. या वेळी तिने आधी चपला काढल्या. "मी त्यांची थोरली. अप्पा गेले. दसऱ्याला."

मल्लम्मा हळूच खाली बसली. तिचा भाचा भीमण्णा आंबील शिंपडून येत होता, तो गडवा घेऊन तसाच उभा राहिला.

"बहात्तरच्या दुष्काळात," मल्लम्मा दगडाकडे बघत म्हणाली, "बैलं घिऊन चाऱ्याच्या छावणीवर गेल्ता. सतरा वर्साचं पोरगं. बैलं मेली. छावणीवरल्या माणसानं सांगितलं, पोरगं रडत उठून गेलं म्हणून. अगं, सगळ्यांचीच मेली की त्या साली! बैलासाठी कुणी घर सोडतंय व्हय?"

"ते बी दगुड ठिवायचे," शिवकन्या म्हणाली. "गच्चीवर, भाईर. जो आला न्हाई त्याचा म्हणायचे."

"आमचा?" मल्लम्माचा आवाज एकदम चढला. "आम्ही हितंच हुतो की गं! आला न्हाई त्यो. आम्ही हितंच हुतो."

शिवकन्येला वडिलांचा इतका राग आला की रडूच फुटलं. आळंदहून एका दिवसात येऊन-जाऊन होणारं गाव! पन्नास वर्षं या माणसाने लोकांच्या विहिरीतलं पाणी वर काढलं आणि स्वतःचं एक वाक्य काढलं नाही.

मग भीमण्णाने गडवा ठेवला आणि दगडाकडे वाकला. गेलेल्याचा दगड दारात ठेवत नाहीत, बांधावर नेतात.

"दम धर," मल्लम्मा म्हणाली. "आधी ताट उचलू दे."

एरवी ते ताट वाटेवरच्या कुणा परक्याला जायचं. मल्लम्माने ते पदराने माशा वारत उचललं, शिवकन्येला आत, पाच दगडांसमोर बसवलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

शिवकन्येच्या गळ्याशी तीन घरचं जेवण आलेलं होतं. तिने उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि तोंडात घातला. भज्जी निवून घट्ट झाली होती. दारातून दिसत होतं, भीमण्णा दगड पोटाशी धरून बांधाकडे चालला होता. वर्षानुवर्षांच्या चुन्याने तो चांगलाच जड झाला असावा. जागेवर फिकट मातीचा गोल उरला होता, गवत नसलेला.

ती खात राहिली. ताट बोटाने पुसून घेतलं.

"आंबील वाढू?" मल्लम्माने विचारलं.

"वाढ, आत्या."