सोमवती अमावास्येचे संमेलन

खासबागेतील शाळेच्या माजी विद्यार्थिमंडळाचे चिटणीस वामनशास्त्री दर गुरुपौर्णिमेला संमेलन भरवीत. यंदा केवळ तिघे आले, तेव्हा मंडळ विसर्जित करावे असे त्यांच्या मनाने घेतले. ते सांगण्यासाठी ते आपला वर्गबंधू मल्लाप्पा विणकर याच्या घरी गेले.

माग न थांबवताच मल्लाप्पा म्हणाला, “वामना, पौर्णिमेला माझा माग चालू, आपल्या वर्गातल्या भावकूची बैलं शेतात जुंपल्याली. कोण येणार रं? आमचा माग अमावस्येला बंद, त्याची बैलं सोमवारी मोकळी. सोमवती अमावस्येला बोलाव की!”

“अमावास्येला शुभकार्य?”

“गाठभेट हाय रं, लगीन न्हवं!”

शास्त्रीबुवांचे मन कचरले. तरीही मंडळ मोडण्याहून हे बरे, असे मानून त्यांनी निमंत्रणे धाडली.

त्या सोमवती अमावास्येस शाळेचे अंगण भरून गेले. प्रथेप्रमाणे शास्त्रीबुवा वर्षभराचे वृत्त वाचावयास उभे राहिले. परंतु नातवाचे बारसे, शेतातली नवी विहीर, अशा आपापल्या वार्ता जो तो स्वमुखानेच सांगत होता. त्यांनी हातातील कागदाची घडी घातली आणि मल्लाप्पाशेजारी मांडी घालून ते ऐकत बसले.