दोन बटणांचा दिवा

वाल्पाराइसो बंदराच्या टेकडीवर आमचं घर आहे. खाली लिओन्सिओकाका राहतो, वर एदुविनाआत्या, आणि मधल्या खोलीत मी. आत्या एकदा आठवडाभर गावाला गेली असताना काकाने बोटींच्या उरलेल्या रंगाने सगळं घर निळं करून टाकलं. आत्याला पिवळं हवं होतं. तेव्हापासून या सख्ख्या भावाबहिणीचं बोलणं बंद. जिन्यात गाठ पडली तर एक जण भिंतीकडे तोंड करून दुसऱ्याला वाट देई.

जिन्यात दिवा एकच, पण बटणं दोन. खालून लावा, वरून घालवा. खाऱ्या हवेने खालचं बटण गंजलं, म्हणून काकाने नवं आणून बसवलं आणि दिवा विचित्र वागू लागला. वरचं बटण दाबलेलं असेल तरच तो खालून लागे, नाहीतर कितीही खटखट करा, अंधारच.

त्या संध्याकाळी समुद्रावरून धुकं चढलं होतं. जिन्याची खिडकी नीट लागत नाही, त्यामुळे धुकं आत शिरतं आणि पायऱ्या कुठे संपतात तेच कळत नाही. त्या धुक्यातून काकाचा आवाज आला, "यास्ना, तुझ्या आत्याला सांग, बटण दाब म्हणावं."

मी तोंड उघडायच्या आत वरून उत्तर आलं, "त्याला म्हणावं, तूच बिघडवलंस, आता बस अंधारात!"

पण बटणाचा खटका ऐकू आला. धुक्यात उजेड पसरला, दुधात मध विरघळावा तसा.

मग हे रोजचंच झालं. हळूहळू त्यांना मधे माझी गरज उरली नाही.

"एदू, दाब गं!"

"कधीच दाबलंय! तुझंच बघ, आंधळ्या!"

मी डोळे मिटून ऐकत राही. त्या आवाजांना वय नसे. कुणी दोन मुलं धुक्यात लपाछपी खेळताहेत असं वाटे.

एका रविवारी दुपारी आत्या स्क्रूड्रायव्हर घेऊन वरच्या पायरीवर बसली. "लिओ, मेन स्विच बंद कर. आज हे नीट करायचंच."

तारा आजोबांनी ओढलेल्या, सगळ्याच काळ्या. प्रत्येक बटणात तीन. त्यातल्या दोन भिंतीतून खालीवर जाणाऱ्या. खालची तिसरी तार वीज आणणारी. बटणाच्या एका बाजूला दोन स्क्रू असतात, दुसऱ्या बाजूला एकटा; ती त्या एकट्या स्क्रूला हवी, आणि काकाने नेमकी तीच दुसरीकडे अडकवली होती. पण तिघींतली ती कोणती?

काकाने टॉर्चची बॅटरी खालच्या तिघींतल्या दोन तारांना जोडली; वर बल्ब लागला तर त्या दोन भिंतीतल्या, आणि उरलेली ती वीज आणणारी. वर आत्या टॉर्चचा इवलासा बल्ब आपल्याकडच्या तारांना लावून बघू लागली.

"लागला?"

"नाही."

"आता?"

"नाही रे."

मी मधल्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. बाहेर भर दुपारी धुकं, आणि माझ्या पाठीमागून, भिंतीच्या पोटातून, काका वर काहीतरी पाठवत होता.

"लागला! लिओ, लागला!" आत्याने बल्बभोवती ओंजळ धरली. तिची बोटं आतून गुलाबी दिसली.

काकाने त्या दोन तारा बॅटरीपासून सोडवल्या. मग म्हणाला, "विचारायला हवं होतं मी."

"काय?"

"रंगाचं."

वर आत्याने ओंजळ उघडली. "निळा तसा वाईट नाही," ती म्हणाली. "पण विचारायचंस. आता ती उरलेली तार त्या एकट्या स्क्रूला लाव, पुन्हा घोळ घालू नकोस."

मेन स्विच सुरू केला. काकाने दिवा लावला, आत्याने घालवला, तिने लावला, त्याने घालवला. दोघं थांबेचनात, आणि मी मधे बसून उजेड आणि सावली अंगावर घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा गुपचूप लागला. कुणी कुणाला हाक मारली नाही. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. एवढ्यात काका जिन्याच्या पायथ्याशी आला.

"एदू, पाव गरम आहे. चहा टाकलाय."

वर दार वाजलं. धुक्यातून आधी आत्याच्या सपाता दिसल्या, मग भिंत चाचपणारा हात, मग ती.