निसटलेलं टोक

मी काळी मखमल बोलतेय. लांबीला अडीच वार आणि मधोमध एक भोक. हसू नका, ते मुद्दाम पाडलेलं आहे!

जन्म माझा गिरणीतला, पण मला कामाची केली ती फोटोग्राफरच्या बायकोने. तो विकाऊ मोटारींचे फोटो काढायचा, भर उजेडात, रस्त्याच्या कडेला. चकचकीत दारात आभाळ, विजेचा खांब, समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्यासुद्धा उमटायच्या. मोटार राहायची बाजूलाच! मग ती स्टुलावर चढून मला उंच धरायची. भोकातून कॅमेऱ्याचं भिंग तेवढं बाहेर. दारात माझा काळेपणा पडला की चमक जायची आणि रंग कसा खुलून यायचा.

ती मात्र कायम माझ्या आड. "तुझा एक काढू या," तो म्हणायचा. "काढाल हो, मी काय पळून चाललेय?" असं म्हणता म्हणता वीस वर्षं गेली.

एकदा वाऱ्याने माझं एक टोक तिच्या हातून निसटलं, आणि नेमकी तेव्हाच कळ दाबली गेली. फोटो धुऊन आला तसा तो कडाडला, "अगं, मोटार विकायचीय आपल्याला, तुला नाही! नीट धरता येत नाही?"

"हात आहेत माझे, खांब नाहीत," ती म्हणाली, आणि माझी घडी घालायला लागली. मला फार वाईट वाटलं. फडफडले होते मी आणि बोलणी खाल्ली तिने.

पुढे ती गेली. आजारपणात तिचा चेहरा पार ओळखू येईनासा झाला होता. लेक म्हणाली, "बाबा, आई हसायची कशी, तेच आठवत नाहीये हो. एक तरी फोटो असेल ना?" त्याने सगळे अल्बम चाळले, तिचा एकही नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मग त्याने बाद फोटोंचा डबा उपडा केला. तळाशी तोच फोटो निघाला. मोटारीच्या लाल दारात, माझ्या निसटलेल्या टोकामागे ती. केस उडालेले, खळखळून हसणारी.

लेक गच्चीवर मोबाईलने त्या फोटोचा फोटो घेऊ लागली, तर गुळगुळीत कागदावर आभाळच चमकायला लागलं. तेव्हा त्याने मला ट्रंकेतून काढलं. कसर लागलीय मला, चार ठिकाणी विरलेय. तरी त्याने मला उंच धरलं, अगदी तिच्यासारखं. चमक गेली आणि ती दिसली.

"बाबा, नीट धरा ना, हलताय तुम्ही."

"हात आहेत गं माझे..." तो म्हणाला, आणि माझी टोकं आणखी घट्ट धरली.

माझं काय, उद्या पायपुसणं झाले तरी चालेल. पण तुमच्यासाठी जे आडोशाला उभे असतात ना, त्यांचा एक फोटो आजच काढा. टोक दर वेळी निसटेलच असं नाही.