आतला डाग

"हा डाग वरचा नाही, आतला आहे," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी छटांची पट्टी पुन्हा एकदा चिमीच्या ओठांपाशी धरली. पट्टीवर शुभ्रापासून पिवळटापर्यंत नमुन्याचे दात ओळीनं लावलेले होते. चिमीचे दात त्यातल्या शेवटच्या दातापेक्षाही काळवंडलेले होते.

"लहानपणी एखादं औषध बरेच दिवस घेतलं होतं का?"

"खोकल्याचं. चार वर्षांची होते."

"मग त्याचाच हा रंग. दात हिरडीच्या आत तयार होत होते, तेव्हाच तो बसला. घासून जाणार नाही. लिंबू, कोळसा असलं काही लावू नका. वरच्या दातांचा साचा घेते, त्यावरून ट्रे बनवून देईन. त्यात औषध भरून रोज संध्याकाळी दोन तास घालायचा. उजळतील. पण पाच-सहा महिने लागतील."

"महिन्याभरात नाही का होणार?"

"का, घरात लग्न आहे?"

"नाही. आई आहे," चिमी म्हणाली.

पन्नाशीला आलेल्या बाईला चिमी म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. कचेऱ्यांच्या एका जुन्या इमारतीत ती लिफ्ट चालवायची. तिथं सगळे तिला ताई म्हणत. बटणांकडे तोंड आणि माणसांकडे पाठ करून दिवस काढायचा, हे काम तिच्या पथ्यावरच पडलं होतं. कुणी गमतीचं बोललं तर ती भिंतीकडे बघून, तोंडावर हात ठेवून हसायची. ऐन वयात दोन ठिकाणी लग्न ठरता ठरता मोडलं. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. मग मायलेकी एकमेकींना धरून राहिल्या.

आईचं हृदय आता थकलं होतं. "घरी न्या, सेवा करा," असं दवाखान्यात सांगितलं होतं. एकदा भरवत असताना आई तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली आणि म्हणाली, "चिमे, एकदा ते दात दाखव ना कुणाला. माझ्या डोळ्यांदेखत दाखव."

आईनं आयुष्यभरात दातांचा विषय काढला नव्हता. म्हणून चिमी दुसऱ्याच दिवशी दातांच्या दवाखान्यात जाऊन बसली होती.

ट्रे आला. संध्याकाळी कामावरून आलं की हातपाय धुऊन ती तो दातांवर चढवायची आणि आईच्या खाटेशी बसायची. ट्रे असताना तिला धड बोलता येत नसे. कदाचित त्यामुळेच आईला बोलता आलं.

"तुझा खोकला थांबेना," आई एकदा छताकडे बघत म्हणाली. "डॉक्टरांनी आठवडाभराचं औषध दिलं. तू बरी वाटलीस. पण मला धीर नव्हता. तुझ्या आधीचं बाळ खोकल्यानंच गेलं होतं ना. मी दुकानातून आणत राहिले. पावसाळाभर पाजलं तुला. चमच्या-चमच्यानं वाटोळं केलं तुझं."

चिमीनं घाईघाईनं ट्रे काढला. "आई, दिलं नसतंस तर मी जगले असते का?"

"तेच तर कळत नाही गं. साधाच खोकला असेल कदाचित."

त्या रात्री चिमीनं ट्रेमध्ये दुप्पट औषध भरलं आणि तो तसाच ठेवून झोपली. सकाळी साध्या पाण्यानंही दातांतून कळा मस्तकात जाऊ लागल्या.

"मी दोन तास सांगितले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाई केल्यानं रंग लवकर जात नाही, दात मात्र ठणकतात. आता चार दिवस पूर्ण बंद. ठणका थांबला की पुन्हा सुरू करू."

"चार दिवस फार होतात हो."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आईंना कसं आहे?" त्यांनी विचारलं. चिमी ट्रे पिशवीत घालून उठली.

ते चार दिवस गेले, नंतरचे काही आठवडेही गेले. तपकिरी पट्टे विरत पिवळट झाले, हिरडीलगतचा करडा रंग तेवढा राहिला. आई रोज सकाळी म्हणायची, "दाखव." चिमी ओठ वर करून दाखवायची. आई हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "उतरतोय गं. उतरतोय."

एका सकाळी आईला हात उचलवेना. श्वास घशातच अडकत होता.

"चिमे, हास."

चिमीनं ओठ फाकवले.

"अशी नाही. खरी हास."

चिमीनं खूप प्रयत्न केला. आईच्या जुन्या फजित्या आठवून पाहिल्या. ओठ फाकत होते, दात दिसत होते, पण हसू काही येईना. "थांब हं आई, हसते," ती म्हणाली. "हसते, थांब." आई वाट बघत राहिली. त्या बघण्यातच तिचे डोळे कधी थिजले, ते चिमीला लगेच कळलंही नाही.

महिना उलटल्यावर ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावून पाहिली. "वरचे छान उजळलेत. इथं थांबलात तरी चालेल."

"खालचेही करायचेत."

"वेळ लागेल बरं का. खालचे जरा सावकाश उजळतात."

"लागू दे," चिमी म्हणाली. "आता कसली घाई."

डॉक्टरीणबाईंनी साच्याचा गार, गुलाबी लगदा तिच्या खालच्या दातांवर दाबून बसवला. "घट्ट होईपर्यंत हलू नका."

चिमी हलली नाही. मागे कललेल्या खुर्चीत तोंड उघडं, हात मांडीवर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत जाऊ लागलं.

"दुखतंय का? काढू?"

तोंड भरलेलं होतं. तिनं हात किंचित उचलून 'असू दे' अशी खूण केली. डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा घेतला आणि लगदा घट्ट होईपर्यंत त्या तिचे कान टिपत राहिल्या.