बंड्याला मी बाहेर काढलं

न विचारता सल्ला द्यायची मला खोड आहे. इथे आखातात मी कंपनीत सेफ्टीचा माणूस, त्यामुळे तिथे ती खोड पगारी, घरी फुकट.

ज्ञानदाच्या हॅमस्टरांच्या जोडीतली चिंगी गाभण आहे असं कळलं, तेव्हा आधी मीच अक्कल पाजळली. बोटभर प्राणी, पाठीवर काळा पट्टा. "नर पिल्लं खातो. बंड्याला बाहेर काढा," मी म्हणालो. "आणि बाळंतिणीपाशी पुरुषाचं काम काय?"

"बाबा, प्लीज नको. ते दोघं टुगेदरच झोपतात," ज्ञानदा म्हणाली. ती बारा वर्षांची आहे, म्हणून मी ऐकलं नाही. बंड्याला उचलून बुटाच्या खोक्यात घातलं.

दोन दिवसांनी चिंगी व्याली. पाच पिल्लं, सोललेल्या शेंगदाण्याएवढी, अंगावर केस नाही. चिंगी थोडा वेळ त्यांच्यावर बसायची, मग धापा टाकत लांब कोपऱ्यात जाऊन पडायची. बाहेर ऑगस्टचं ऊन, म्हणून आमचा एसी अठरावर. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही पिल्लं गार पडलेली होती.

ज्ञानदा रडून रडून दमली. "आईच नवखी होती गं," मी समजूत काढली. "तिला सांभाळता आलं नाही."

शुक्रवारी सुट्टी, म्हणून ज्ञानदा, माझी बायको चित्रा आणि मी असे तिघं फरवानियाच्या बाजारात कासमच्या दुकानात गेलो. जोडी त्याच्याकडूनच घेतली होती. मादी नाजूक दिलीस, असं मी त्याला चांगलं सुनावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"साब, नर किधर था?"

"अलग रखा था."

"क्यों?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "ये मंगोलिया की जात है, ठंडे मैदान की. इसमें बाप दाई का काम करता है. बच्चे को खींचता है, नाक चाटके साफ करता है, तब साँस आती है. माँ को बैठे-बैठे गर्मी लगती है, वो उठ जाती है. तब बाप बच्चों पे बैठता है."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. पाच जीव मी घालवले होते आणि ठपका आईवर ठेवला होता.

मी गाडी घराकडे काढली. मग मागून ज्ञानदा म्हणाली, "बाबा, मी बॉर्न झाले तेव्हाच्या नाशिकच्या फोटोंत सगळे आहेत. तू नाहीस. तुला कोणी बाहेर काढलं होतं?"

"बाबांना रजा मिळाली नव्हती," चित्रा म्हणाली.

बारा वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली आहे, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. रजा मंजूर झाली होती. पण बाळंतपण माहेरचं, तिथे जावयानं जाऊन करायचं काय? खरं म्हणजे मी घाबरलो होतो. चित्रा एकोणीस तास कळा सोसत होती आणि मी मित्राकडे फोन उपडा ठेवून पत्ते कुटत होतो.

"सॉरी बाबा," ज्ञानदा म्हणाली. "मला वाटलं, तुलाच यायचं नव्हतं."

ते सॉरी मला सोसलं नाही. मी गाडी कडेला घेतली.

"रजा मिळाली होती," मी म्हणालो.

चित्रा समोरच्या काचेतून बघत होती. तिनं विचारलं, "किती दिवसांची?"

"पंधरा."